बारा डोक्यांचं माप

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आजपासून सगळं तारीखवार लिहून ठेवणार. तोंडी सांगितलेलं या माणसांच्या एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यापर्यंत पोचतही नाही, मधेच विरतं. उद्या कोणी म्हणालं, 'तू कधी बोललीस?' तर ही वही तोंडावर फेकता येईल. आणि ज्याच्या तोंडावर फेकायची त्याला आमचा खेळ ठाऊक नसणार, म्हणून तोही लिहिते.

रोलर डर्बी. नवरा त्याला 'चाकांवरची ढकलाढकली' म्हणतो आणि दर वेळी स्वतःच हसतो. पायात चार-चार चाकांचे स्केट, अंडाकृती वाट, दोन संघ. प्रत्येक संघात एकीच्या हेल्मेटवर चांदणी असते. तिनं गर्दीतून घुसून पुढं निघायचं, आणि दुसऱ्या संघातल्या अडवणाऱ्यांनी तिला खांद्यानं, कमरेनं थोपवायचं. खेळात सगळ्यांना टोपणनावं असतात. अंगानं काडी म्हणून मी टाचणी. मी अडवणारी. चांदणी घालते ती भिंगरी. ती दिवसभर एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते आणि सरावाला येऊन सगळ्यांच्या मधून सुटून पळते.

रविवारी सरावात वळणावर आमची टक्कर झाली. भिंगरी मागच्या मागे पडली आणि डोक्याची मागची बाजू सिमेंटवर आदळली. हेल्मेट कानामागून तडकलं. डोळे उघडून ती म्हणाली, "आज कुठला वार?" रविवार सांगितला तर रडायला लागली. दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतलं. मेंदूला धक्का बसलाय, म्हणतात. तीन आठवडे तरी घरात.

माझंही कपाळ जरा शेकलं, पण मी लगेच उठले, तिचा हात धरून ॲम्ब्युलन्समध्ये बसले. मला काही झालेलं नाही.

आता मुद्द्याचं. ते हेल्मेट आणलं कोणी? रणगाडानं. ती आमची कप्तान. तिची लाँड्री आहे. ओल्या चादरींची गाठोडी उचलून तिचे दंड माझ्या मांडीएवढे झालेत. आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबाकडून तिनं डझनभर हेल्मेटं उचलली, तीच आम्ही अजून वापरतोय. काल फोनवर विचारलं तर म्हणाली, "हेल्मेट ते हेल्मेट. डोक्यावर बसलं की झालं."

डोक्यावर बसलं की झालं. टोपी आहे का ती?

चष्म्याच्या दुकानात मी अठरा वर्षं काढली. फ्रेम एक मिलिमीटर सरकली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कपाळ धरून परत येतं. आणि इथं अख्खी डोकी वाऱ्यावर. संघाची नवी हेल्मेटं मी निवडणार. २१ एप्रिलला सामना आहे, त्याच्या आत.

बुधवार, २८ फेब्रुवारी

मालकांनी, आमच्या सरांनी, दुकानातल्या ट्यूबा बदलल्यात. डोळ्यांत सुया टोचाव्यात असा उजेड. विचारलं तर म्हणाले, "बदलल्या नाहीत. दोन वर्षं याच आहेत." माणसानं खोटं बोलावं, पण ट्यूबलाइटबद्दल?

शनिवार, २ मार्च

बसस्टँडच्या मागच्या खेळसाहित्याच्या दुकानात गेले. तिथला माणूस कानावर पेन अडकवून फिरतो. मी त्याचं नाव पेनवाला ठेवलं. शहाणा निघाला. जगात अजून कोणी आपलं काम जाणतं हे बघून बरं वाटलं.

त्यानं तीन हेल्मेटं काउंटरवर मांडली. पहिलं सायकलचं. आत कडक, पांढरा फोम. "हा एक मार खातो आणि चेपतो, म्हणून डोकं वाचतं. पण फक्त एकदाच. नंतर वरून धड दिसतं, आतून मेलेलं असतं. तुमच्या खेळात रोज पडायचं, तिथं हे कामाचं नाही." दुसरं दिसायला झकास, पण आतलं लेबल कोरं. कुठली चाचणी पास झालं, कधी बनवलं, काही नाही. "हे डोक्याला नाही, भिंतीवर लावायला." तिसरं स्केटिंगचं, पुन्हा पुन्हा मार झेलणारं. मागं मानेपर्यंत खाली आलेलं, कारण चाकांवरचा माणूस बहुतेक वेळा मागंच पडतो.

"आणि मापाचं सैल-घट्ट चालणार नाही," तो म्हणाला. "भुवईच्या वर दोन बोटं, कपाळावर आडवं, सरळ. पट्टा लावून डोकं हलवायचं. हेल्मेटाबरोबर भुवया हलल्या तर बरोबर. हेल्मेट एकटंच हललं तर परत ठेवायचं."

मग एक वाक्य बोलला ते आवडलं नाही. "मॅडम, हेल्मेट कवटी सांभाळतं. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. मार बसल्यावर बाहेर बसणं, हे कुठल्याच डब्यात मिळत नाही."

विकणाऱ्यानं विकावं. प्रवचन कशाला?

रविवार, ३ मार्च

आज रणगाडाचं आणि माझं वाजलं.

सरावाआधी बाकावर सगळी हेल्मेटं उलटी मांडली. अकरा होती. बारावं भिंगरीचं, तडकलेलं, मी घरी आणून ठेवलंय. अकरापैकी सात सायकलची. लेबलं धुवट, अक्षर लागत नाही. फोम बोटानं दाबला तर रव्यासारखा झडला. आणि वास? सुगंधी साबणाचा.

"ही धुतलीत का?" मी विचारलं.

"मग?" रणगाडा म्हणाली. "घामानं कुबट वास यायचा. दर महिन्याला गरम पाण्यातून काढते आणि चादरींबरोबर ड्रायरच्या खोलीत टांगते. तुम्हाला काय, आयतं मिळतं."

ड्रायरच्या खोलीत. चादरी जिथं अर्ध्या तासात पापड होतात, त्या खोलीत. आठ वर्षं, दर महिन्याला. मी म्हटलं, "तू फोम शिजवलास. त्या पोरीचं डोकं तुझ्या ड्रायरनं फोडलं."

रणगाडाचा चेहरा विटेसारखा झाला. ती म्हणाली, "डोकं ड्रायरनं फुटलं का, ते आपण नंतर बोलू."

याचा अर्थ काय? तिनं सांगितला नाही, मी विचारला नाही.

तरी मी सराव केला. चिडून घरी जाणाऱ्यांतली मी नाही. दहा चकरा मारल्या. उजव्या स्केटचं बेअरिंग खराब झालंय. वळणावर जमीन डावीकडे कलते. दोनदा कठड्याला धरावं लागलं. बेअरिंग बदलून घ्यायला हवं.

बुधवार, ६ मार्च

लाँड्रीत सगळ्या जमल्या. रणगाडा माझ्याशी बोलली नाही, पण खुर्ची मात्र दिली. शिवणाची टेप घेऊन मी एकेकीचं डोकं मोजलं, भुवईच्या वर, कानांच्या वरून मागच्या उंचवट्यापर्यंत. बाराजणींचं लिहिलं. भिंगरीचं तिच्या आईनं फोनवर सांगितलं. यंत्रांची घरघर इतकी की डोक्यात माशी शिरल्यासारखं झालं. ही बाई दिवसभर या आवाजात राहते, म्हणून हिला ऐकू जात नसणार.

गुरुवार, ७ मार्च

बसस्टँडच्या मागच्या खेळसाहित्याच्या दुकानात गेले. माणूस कानावर पेन अडकवून फिरतो. हेल्मेटं दाखवा म्हटलं तर हसून म्हणतो, "मॅडम, परवाच दाखवली की. तिन्ही."

मी म्हटलं, "मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा येतेय."

तो जरा बघत राहिला. मग तीन हेल्मेटं काढली आणि सायकलचं, स्केटिंगचं, लेबल, सगळं समजावलं. माहिती चांगली होती, पण बोलण्याची पद्धत अशी की लहान मुलाला तुकडे करून भरवावं. बाई बघितली की हे असंच. मला कोणी दुसरीच समजला असेल. चेहरा लक्षात राहत नसेल तर माणसानं गप्प बसावं.

निघताना म्हणाला, "घरी कोणी आहे का न्यायला?" मी बघून घेतलं त्याच्याकडे.

शनिवार, ९ मार्च

दुकानात अपमान. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मागच्या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांचा चष्मा मी करून दिला होता. आज त्यांची सून त्यांना हाताला धरून घेऊन आली. चष्मा लावून ते दाराच्या पायरीवरून घसरले. गुडघा सोलला. सरांनी काचा यंत्रावर लावून बघितल्या. उजव्या काचेचा कोन एकशेऐंशीच्या जागी अठरा.

मी म्हटलं, डॉक्टरांचं अक्षर तसं आहे. सरांनी चिठ्ठी पुढं केली. अक्षर छापल्यासारखं. मग मी म्हटलं, काचा घासणाऱ्या कारागिराची चूक. सरांनी माझ्या हातची पावती पुढं केली.

मास्तर म्हणाले, "असू दे हो, होतं." त्यांच्या चांगुलपणाचाच जास्त राग आला.

सर म्हणाले, "चार दिवस घरी बसा." मी म्हटलं, "काढून टाकताय का?" ते म्हणाले, "घरी बसा म्हणालो, ताई. झोप घ्या." अठरा वर्षं मला 'तुम्ही' आणि नुसत्या नावानं बोलवणारा माणूस आज ताई म्हणाला. दया दाखवायची असेल तेव्हाच लोकांना नाती सुचतात.

सोमवार, ११ मार्च

घरी बसलेच आहे तर भिंगरीकडे गेले. तिच्या खोलीत पडदे ओढलेले. मला ते इतकं बरं वाटलं की पाच मिनिटं नुसती बसून राहिले. ती सुधारली आहे. रोज थोडं चालते, फोन बघायला अजून मनाई.

मी तिला ड्रायरचं सांगितलं. म्हटलं, रणगाडाला कप्तान म्हणून काढायचं. बराच वेळ बोलत होते. तिला तक्रारी ऐकायची सवय आहे. ती मधे तोंड घालत नाही.

मग म्हणाली, "टाचणी, तू डोकं खाली घालून आलीस."

"कधी?"

"त्या दिवशी. वळणावर. खांदा आधी यायला हवा होता. तुझं हेल्मेट माझ्या गालफडावर बसलं, मग मी पडले. मला रागबिग नाही. पण तू हेल्मेटांमागं इतकी लागलीयस, म्हणून सांगितलं."

डोक्यानं मारणं आमच्या खेळात सगळ्यात मोठा फाउल. सहा वर्षांत एकदाही माझ्या नावावर तो नाही. जिला त्या दिवशी वार आठवत नव्हता, तिला माझं डोकं कुठं होतं ते आठवतं? मी उठलेच. दारात तिनं विचारलं, "तुला त्या दिवसाचं काय काय आठवतं?"

"सगळं," मी म्हटलं.

"ॲम्ब्युलन्समध्ये काय बोललीस ते?"

मी चप्पल घातली आणि निघाले. वाटेत बस चुकली, किंवा चुकीची पकडली. घरी पोचायला संध्याकाळ झाली.

बुधवार, १३ मार्च

रणगाडाचा फोन. स्वतःहून. "पेनवाल्याला मापं द्यायला तुझा कागद घेऊन बसलेय. यात भिंगरीचं डोकं सदुसष्ट सेंटिमीटर लिहिलंय."

"मग?"

"मग हे डोकं आहे की पाण्याचा हंडा? आणि माझं माप दोनदा आहे, दोन वेगळे आकडे. तुझं स्वतःचं नाहीच."

मी म्हटलं, यंत्रांच्या आवाजात कोण नीट लिहील. ती म्हणाली, "मी उद्या परत सगळ्यांची घेते." तिला संधीच हवी होती.

फोन ठेवला आणि पाण्याचा ग्लास भिंतीवर मारला. नवरा दारात उभा होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांशी जसा बोलतो तसा माझ्याशी बोलायला लागला, हळू, एकसारख्या आवाजात. "सगळं ठीक आहे. आपण एकेक करून बघू." मी त्याला सांगितलं की मी लिफ्टमध्ये अडकलेले नाही.

गुरुवार, १४ मार्च

लिहायला मनाई आहे. तरी एवढं लिहिणार.

सकाळी नवरा म्हणाला, "गाडीत बस, पेनवाल्याकडे जाऊ." मी बसले. गाडी दवाखान्यात गेली. फसवणूक. मी उतरणार नव्हते, पण वाहनतळावर तमाशा नको म्हणून उतरले.

डॉक्टर बाई होत्या. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, धक्का भिंगरीला बसला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं खिशातून एक छोटी वही काढली. लिफ्टच्या नोंदींची असते तसली, तेलाचे डाग पडलेली. त्यानं वाचलं, मान वर न करता.

"पंचवीस तारीख. भिंगरीचं हेल्मेट कुठं आहे, असं चार वेळा विचारलं. ते हिच्याच मांडीवर होतं. सव्वीस, उलटी, दोनदा. दोन, दुकानात जाऊन आली, सगळं सांगितलं. तीन, सरावाहून आली, भिंतीला धरून जिना चढली. सात, त्याच दुकानात जाऊन आली, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नऊ, गॅस चालू ठेवून झोपली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस माझ्या पाठीमागं माझी नोंदवही ठेवत होता. बिघडलेल्या यंत्राची ठेवतात तशी. मी म्हटलं, "माझ्याकडेही वही आहे. यातलं एक अक्षर खरं नाही. मी रोजच्या रोज लिहिलंय." आणि पिशवीतून ही काढून टेबलावर आपटली.

डॉक्टरांनी ती उघडली नाही. म्हणाल्या, "तुम्हीच बघा. दोन आणि सात."

मी बघितलं. दोन मार्चला पेनवाला आहे. कानावर पेन आहे. तिन्ही हेल्मेटं आहेत. सात मार्चला पेनवाला आहे, पेन आहे, तिन्ही हेल्मेटं आहेत. आणि मी पहिल्यांदाच गेलेय. दोन्हीकडे अक्षर माझं. काना न् काना माझा.

मी वही मिटून पिशवीत ठेवली.

डॉक्टर म्हणाल्या, मलाही त्याच दिवशी धक्का बसला. दुर्लक्ष झालं. वरून मी स्केट घालून दहा चकरा मारल्या. त्यात पुन्हा पडले असते तर त्या माझ्याशी बोलत नसत्या, माझ्या नवऱ्याशी बोलत असत्या. उजेड सहन न होणं, विसरणं, तोल जाणं, सगळं त्यातलंच. "आणि चिडचिडही," त्या म्हणाल्या. "ती सगळ्यात जास्त घरच्यांना कळते."

मी विचारलं, "म्हणजे माझा रागसुद्धा माझा नाही?"

त्या चिठ्ठीवर काहीतरी लिहीत राहिल्या.

मंगळवार, २ एप्रिल

दिवसातून पंधरा मिनिटं लिहायची परवानगी. नवरा घड्याळ लावून बाहेर बसतो. तो उठून गेला तरी घड्याळ टिकटिकतं, आणि मी दोघांवरही चिडते.

या दिवसांत करायला काही नव्हतं, तेव्हा मागचे राग एकेक करून तपासले. ट्यूबा जुन्याच होत्या. सरांची माफी मागायला फोन केला. ते म्हणाले, "जागा तुमचीच आहे, पण मास्तरांना स्वतः भेटा." भेटले. त्यांचा गुडघा बरा झालाय. त्यांनी मला पुस्तक वाचायला दिलं. मला अजून वाचायची परवानगी नाही, हे सांगायची लाज वाटली. घेऊन आले.

पेनवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मी तिसऱ्यांदाही सांगितलं असतं."

नवऱ्याची मागितलेली नाही. त्याची वही मी विसरू शकत नाही. काल विचारलं, "दोन आठवडे लिहीत बसलास, मग आधी का नाही नेलंस?" तो म्हणाला, "तूही लिहीत होतीस. मला वाटलं, लिहितेय म्हणजे कळत असेल. आणि तुला सांगायची भीती वाटायची." बावीस वर्षांचा संसार आणि माणसाला माझी भीती वाटते. हा राग कोणावर काढायचा ते ठरत नाही.

भिंगरी शनिवारी आली होती. आता खोलीत पडदे माझे आणि पाहुणी ती. मी तिला म्हटलं, डॉक्टर म्हणतात, चिडचिड हे लक्षण आहे. मग मी रणगाडाला बोलले ते सगळं खोटंच ना?

ती म्हणाली, "फोम शिजला होता की नव्हता?"

"होता."

"मग तो राग ठेव. बाकीचे सोड."

दुसरीही गोष्ट आहे, ती आज लिहून टाकते. टक्कर मला आठवत नाही. तिचा हात धरला, ॲम्ब्युलन्स, हे सगळं मला लोकांनी सांगितलंय आणि मी ते आठवल्यासारखं लिहिलं. पण त्याच्या आधीचं आठवतं. भिंगरी त्या सकाळी चार वेळा मला चुकवून गेली होती आणि चौथ्या वेळी हसली होती. पाचव्या वेळी तिला जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. डोकं कुठं होतं ते माहीत नाही. मन कुठं होतं ते माहीत आहे. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी हसले होते हे खरं."

घड्याळ वाजलं.

शनिवार, १३ एप्रिल

हेल्मेटं आली. बारा खोकी, लाँड्रीच्या इस्त्रीच्या टेबलावर रांगेनं. मी निवडलेलीच. पुन्हा पुन्हा मार झेलणारी, मागून खोल, आत लेबल स्वच्छ, बनवल्याची तारीख यंदाची. मापं रणगाडाची. तिनं एकेकीचं तीनदा मोजलं होतं आणि कागदावर सुवाच्य लिहून काढलं होतं.

बसवायचं काम मला दिलं. अठरा वर्षं लोकांच्या कानांमागं बोटं घालून चष्मे बसवतेय. हात चुकत नाहीत. भुवईवर दोन बोटं. पट्ट्याखाली एक बोट. डोकं हलव. आ कर. एकीचं केसांच्या अंबाड्यावर तरंगत होतं. तिला वेणी घालून परत यायला सांगितलं. ती कुरकुरली, मी ओरडले. कोणी 'लक्षण' म्हणालं नाही.

शेवटी रणगाडा बसली. तिचं डोकं मोठं आणि मागून चपटं, हेल्मेटाच्या आतलं घट्ट करायचं चक्र फिरवून फिरवून बसवावं लागलं. माझी बोटं तिच्या हनुवटीखाली असताना ती म्हणाली, "मी पत्रकं वाचली. सगळ्यांत लिहिलंय, गरम पाणी नको, उष्णता नको. जुन्यांबरोबरही पत्रक असणार. मी ते कधी उघडलं नाही."

मी म्हटलं, "हनुवटी वर."

"तू म्हणालीस ते बरोबर होतं. पण सगळ्यांसमोर म्हणालीस."

"हो."

"पुन्हा म्हणू नकोस."

"पुन्हा शिजवलंस तर म्हणेन."

तिनं डोकं हलवलं. भुवया हलल्या. बरोबर बसलं होतं.

मला अजून धक्क्याच्या खेळाला मनाई आहे. या सामन्यात नाहीच, पुढचं पुढं. ठरलं असं की मी बाकाशी उभं राहायचं, आणि कोणाच्या डोक्याला मार बसला तर ती आत जाणार की बाहेर बसणार, हे मी सांगायचं. शब्द शेवटचा. रणगाडानंच हे मांडलं आणि सगळ्यांनी हात वर केले. मी हात वर केला नाही. मला खेळायचं होतं.

रविवार, २१ एप्रिल

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आधी सामन्याचं.

सभागृह भरलं होतं. भिंगरी डॉक्टरांच्या परवानगीनं चांदणी घालून उतरली आणि पहिल्या दहा मिनिटांत दोघींना चुकवून गेली. मी बाकाशी उभी राहून नखं खाल्ली. आमचे सहा गुण जास्त होते.

शेवटची आठ मिनिटं राहिली तेव्हा समोरच्या दोघी रणगाडावर एकदम आल्या. ती मागं पडली. डोकं जमिनीला लागलं, पण नवं हेल्मेट होतं, आवाज बोदा आला. ती लगेच उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती हात वर करून समोरच्या संघाच्या बाकाकडे निघाली. चार पावलं. मग थांबली, वळली आणि आपल्या जागी आली.

चारच पावलं. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसतील.

मी पंचांना हात केला आणि तिला बाहेर काढलं.

ती बाकाजवळ आली ती शिव्या देतच. "हेल्मेट बघ. ओरखडासुद्धा नाही. तूच निवडलंस ना? मग तुझ्याच हेल्मेटावर विश्वास नाही?"

"हेल्मेटावर आहे," मी म्हटलं. "आत जे आहे त्याच्यावर नाही."

"सहा गुणांनी पुढं आहोत. मी नसले तर अडवणाऱ्यांची भिंत उघडी पडेल."

"पडू दे."

"तुला खेळता येत नाही म्हणून तू कोणालाच खेळू देणार नाहीस."

हे लागलं. कारण पूर्ण खोटं नव्हतं. मी तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून माझ्या काखेत धरलं. मैदानावरच्या डॉक्टरांनी तिला वार विचारला, गुण विचारले, एका पायावर उभं केलं. सगळं बरोबर. ते म्हणाले, "काही दिसत नाही. पण आज नको."

भिंत उघडी पडली. आम्ही चार गुणांनी हरलो. कपडे बदलायच्या खोलीत माझ्याशी कोणी बोललं नाही. एकीनं बाक पायानं सरकवलं. भिंगरीनं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "मी असते तर मला काढलं असतंस का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग ठीक," पण तीही डोळ्यांत बघत नव्हती.

घरी येऊन मी उशी बडवली. वाटलं, चूक केली. चार पावलांसाठी सामना घालवला. माणूस पडल्यावर चार पावलं इकडेतिकडे टाकतोच. नवऱ्याला विचारलं, "तू असतास तर?" तो म्हणाला, "एका माणसाला लिफ्टचा हिसका जाणवला तर मी लिफ्ट बंद करतो. तपासल्यावर दहातल्या नऊ वेळा काही निघत नाही. नऊ वेळा शिव्या खातो." त्या वहीबद्दल मी त्याला त्याच वेळी माफ केलं. पण सांगितलं नाही.

साडेसहाला रणगाडाचा निरोप आला. 'उद्या तुझ्या दुकानात येते. चष्मा करायला हवा. दुपारपासून दिवे दोन-दोन दिसतायत. वयच झालं.'

मी दोनदा वाचला. नवऱ्याला दाखवला. तो किल्ली घ्यायला उठलाच होता.

मी लिहिलं, 'चष्मा नको. दारात उभी राहा. आम्ही गाडी घेऊन येतोय.'

तिचं उत्तर आलं, 'मी तुझ्याशी बोलत नाहीये.'

मी लिहिलं, 'नको बोलूस. गाडीत बस.'